गुप्तचर प्रमुख व्हायचंय? मग आधी पलटण बघा

"सर, इंटेलिजन्समध्ये डायरेक्ट जाता येतं का?" एनडीए-सीडीएस या सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. निवृत्त लेफ्टनंट जनरल, माजी गुप्तचर प्रमुख अशा कुणाची मुलाखत नुकतीच पाहिलेली असते.

येतं की. सैन्यात इंटेलिजन्स कोअर, म्हणजे गुप्तवार्तेची स्वतंत्र शाखा आहे, तिची प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे. पण प्रमुखाच्या खुर्चीत बसणारा बहुतेकदा लढाऊ दलातून आलेला असतो. संरक्षण गुप्तचर संस्था, म्हणजे डीआयए, 2002 मध्ये उभी राहिली. तिचे पहिले महासंचालक लेफ्टनंट जनरल कमल डावर त्याआधी यांत्रिकी दलांचे, म्हणजे रणगाडे आणि चिलखती गाड्यांच्या दलांचे महासंचालक होते. (परदेशातली गुप्त माहिती काढणाऱ्या 'रॉ'चं घर वेगळं. तिथले प्रमुख बहुतेक आयपीएसमधले.) कारण साधं आहे. ज्याने स्वतः फौज हलवलेली नाही, त्याला समोरच्या फौजेची हालचाल वाचणं अवघड जातं.

मी पलटणीत आयओ, म्हणजे इंटेलिजन्स ऑफिसर होतो. नाव भारदस्त, काम बरंचसं नकाशे अद्ययावत ठेवायचं आणि सीओसाहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांच्या मागे वही घेऊन पळायचं. खरं शिक्षण व्हायचं ते गस्त परतल्यावर. हवालदार सांगायचा, "साब, दस-बारह लोग थे." मग सुरू व्हायचं: मोजले की अंदाज? किती अंतरावरून? उजेड होता का? पाठीवर बोजा होता की हात मोकळे? चार प्रश्नांत दहा-बाराचे 'सहा नक्की दिसले, बाकीच्यांचा नुसता आवाज' असे व्हायचे. रिपोर्टमध्ये ते सहा एका ओळीत, आवाज दुसऱ्या ओळीत आणि आपला तर्क त्याखाली, तर्क म्हणूनच. माहिती आणणाऱ्याच्या भरवशाला अक्षराची श्रेणी, माहितीच्या खरेपणाला आकड्याची, आणि दोन्ही स्वतंत्र द्यायच्या. भरवशाचा माणूसही चुकीची बातमी आणतो, हे पोरांना पटायला फार वेळ लागतो.

वर दिल्लीत काम हेच, फक्त गस्तीऐवजी अनेक संस्था. कारगिलनंतर त्या युद्धाचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीने या संस्थांमधल्या समन्वयाच्या उणिवांवर बोट ठेवलं, आणि त्यानंतरच्या सुधारणांतूनच डीआयए आली.

बढतीचं गणित आत्ताच समजून घ्या. लेफ्टनंट कर्नलपर्यंत ठरलेली वर्षं भरली की पोहोचता येतं. कर्नलपासून पुढे निवड मंडळ, आणि तिथे चाळणी बारीक होत जाते. वेलिंग्टनच्या संरक्षण महाविद्यालयातला स्टाफ कोर्स आणि पलटणीची कमांड या दोन गोष्टी डोसियरमध्ये, म्हणजे सेवेच्या नोंदींत नसतील, तर इंटेलिजन्समधलं कौतुक फारसं कामाला येत नाही, असं माझं मत. लेफ्टनंट जनरल साठीला निवृत्त होतो; तिथवर पोहोचणारे मोजकेच.

एसएसबी, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या मुलाखतीत "मला गुप्तहेर व्हायचंय" म्हणू नका. समोरचे हसत नाहीत, पण पुढचा प्रश्न अवघड येतो. त्यापेक्षा रोज एक बातमी घ्या आणि त्यातलं पाहिलेलं, ऐकलेलं आणि ठोकून दिलेलं वेगळं करा.

आणि भाषा. एनडीएत परदेशी भाषा शिकवतात, पुढे पचमढीला लष्कराच्या शिक्षण कोअरचे भाषेचे कोर्स आहेत. चिनी मिळत असेल तर घ्या. सुरुवातीला जीव नकोसा होतो आणि सोबतचे क्रिकेट खेळत असतात, पण ती येणारे अधिकारी कमी असल्यामुळे तुमचं नाव लवकर लक्षात राहतं.