खाऱ्या पाण्याचा पहिला टँक: मासा सगळ्यात शेवटी

दुकानातली क्लाउनफिशची जोडी बघून आपण टँक घ्यायचं ठरवतो, आणि त्याच दिवशी मासेही घेऊन यावेसे वाटतात. तेवढा मोह आवरा. निदान महिना-दीड महिना आपण मासे नाही, पाणी पाळणार आहोत.

टँक 75 ते 80 लिटरचा घ्या. 20 लिटरचे छोटे टँक गोंडस दिसतात, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. दगड आणि वाळू टाकल्यावर साधारण 60 लिटर पाणी मावतं, असं धरून चालू. सोबत हीटर, पाणी फिरवायला एक छोटा वेव्हमेकर, थर्मामीटर आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेटची टेस्ट किट लागतील. लाईट साधा असला तरी चालेल, कारण कोरल इतक्यात आणायचे नाहीत. भरलेला टँक हलवता येत नाही, तेव्हा आधी स्टँड पक्का आणि समतल आहे ना, ते बघा. वायर प्लगपेक्षा खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये न शिरता झोळाशीच ठिबकून जातं.

आता पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कधी तांबंही असतं, आणि तांब्याचा अंशसुद्धा कोळंबी-गोगलगायींच्या जिवावर बेततो. म्हणून आरओडीआयचं, म्हणजे खास फिल्टरने क्षार आणि अशुद्धी काढलेलं पाणी वापरा, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्य दाखवणारं. मरीन सॉल्ट वेगळ्या बादलीत कालवा. आधी पाणी घ्या आणि त्यात थोडं थोडं मीठ सोडा. उलट केलंत तर मिठातलं कॅल्शियम पांढरा साका होऊन तळाशी बसतं. लिटरला साधारण 36 ते 38 ग्रॅम मीठ लागतं, पण नेमका आकडा पाकिटावरचाच धरा. पाणी पंप लावून रात्रभर फिरू द्या.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. निळा आणि पांढरा रंग जिथे मिळतात, तिथला आकडा वाचायचा: 35, म्हणजे लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार. काट्याच्या हायड्रोमीटरवर माझा भरवसा नाही. काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो. तापमान 25-26 अंशांवर ठेवा.

दगड, मग अरॅगोनाइट (कॅल्शियमयुक्त) वाळू, मग पाणी, या क्रमाने टँक भरा. दगड थेट तळाच्या काचेवर टेकवा. वाळूवर ठेवलेत आणि एखाद्या माशाने खालची वाळू उकरली, तर रचलेला डोलारा कोसळतो.

मग थांबायचं. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया तयार होतो. दगडांवर आणि वाळूत जिवाणू वाढतात, ते या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. कोरडे दगड असतील तर बाटलीतले जिवाणू घाला आणि अमोनियम क्लोराइडने अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम) न्या. घातलेला अमोनिया 24 तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टँक तयार. याला तीन ते सहा आठवडे लागतात. या कामासाठी डॅमसेल मासा आणून सोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अमोनियाने त्याचे कल्ले जळतात. कुठल्याही जिवाला असं वापरणं मला पटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्या पहिल्या टँकमधून रोज लिटरभर पाणी उडायचं आणि मी ते मिठाच्या पाण्याने भरून काढत होते. बाराव्या दिवशी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूवर उताण्या पडलेल्या दिसल्या. खारेपणा मोजला तर 42. त्यातली एकही वाचली नाही. ते आठवलं की अजून वाईट वाटतं. तेव्हापासून काचेवर पाण्याच्या पातळीला पट्टी चिकटवलेली असते आणि रोज सकाळी तिथपर्यंत साधं आरओडीआयचं पाणी घालते, कधीच मिठाचं नाही. खारं पाणी फक्त आठवड्याला 10 टक्के पाणी बदलताना.

टँक तयार झाल्यावर वाळूवर तपकिरी थर चढेल. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा, घाबरू नका, बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. गोगलगायी आणि हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) आणायची हीच वेळ. दोनेक आठवड्यांनी पहिला मासा आणा. क्लाउनफिशची जोडी चालेल, पुढे एखादी गोबी. ब्लू टँगला कित्येक फुटांचा टँक लागतो. मँडरिन दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जलजीव टिपत असतो आणि नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. हे दोन्ही मासे कितीही आवडले तरी नको.

मासा आणलात की पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग मासा पाण्यासकट भांड्यात घेऊन एअरलाइनच्या नळीने टँकचं पाणी थेंबथेंब सोडा. भांड्यातलं पाणी दुप्पट झालं की मासा अलगद उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. त्या दिवशी लाईट बंद ठेवा. आणि गोबी उडी मारते, तेव्हा वर जाळी बसवल्याशिवाय तिला आणू नका.