जुन्या पोर्ट्रेटची नक्कल करताना चेहरा मेणाचा का होतो? या चुका टाळा

जाक-लुई दाविद किंवा अँग्र या जुन्या फ्रेंच चित्रकारांचं एखादं व्यक्तिचित्र समोर ठेवून तैलरंग शिकणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: नाक-डोळे जागेवर आहेत, पण चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो. मग कोरडा मऊ ब्रश घेऊन ते आणखी घोटत बसतात, आणि तिथेच चित्र हातचं जातं.

या दोघांच्या नवअभिजात (प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या) चित्रांचा गुळगुळीतपणा घोटण्यातून आलेला नाही. उजेड आणि सावली यांच्यामधल्या छटा नेमक्या ओळखून शेजारी शेजारी ठेवल्या की गाल आपोआप वळतो. ब्रशला फक्त सांधा पुसायचं काम उरतं. छटाच चुकलेल्या असतील तर घोटून दोन चुकांचा एक मळकट रंग तयार होतो, एवढंच.

असं झालं असेल आणि रंग ओला असेल, तर पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट पात्याने) गाल सरळ खरवडून काढा. जीवावर येतं, पण तेच जलद पडतं. मग उजेडापासून सावलीपर्यंत पाच छटा पॅलेटवर आधी कालवा. प्रत्येक छटा नाइफच्या टोकावर घेऊन मूळ चित्राच्या छापील प्रतीशेजारी धरा, डोळे किलकिले करून ताडा, मगच कॅनव्हासवर लावा. उजेडातून सावलीत वळताना कातडी किंचित राखाडी, थंड होते. नवशिके नेमकं तिथे तपकिरी भरतात आणि चेहरा करपल्यासारखा दिसतो. आयव्हरी ब्लॅक (काळा), पांढरा आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून पाहा. पॅलेटवर तो हिरवट राखाडी वाटेल. उबदार गुलाबी रंगाशेजारी लागला की कातडीचाच वाटतो.

पांढऱ्याचंही तसंच. दाविदच्या काळात शिशाचा पांढरा वापरत. तो विषारी असल्यामुळे आपण टायटॅनियम व्हाइट घेतो, पण हा जास्त थंड आणि फार झाकणारा आहे. कपाळावर तो नुसता लावला की खडू फासल्यासारखं दिसतं. चिमूटभर ऑकर घाला, आणि निव्वळ पांढरा अगदी शेवटच्या एक-दोन ठिपक्यांसाठी राखा.

चित्र निवडतानाही घाई होते. अँग्रच्या ‘प्रिन्सेस द ब्रॉइ’चा निळा साटन पाहून मोह होतोच, पण शिकायचा चेहरा बाजूला राहतो आणि महिने झग्यात जातात. मी दाविदचं १८०० सालचं ‘मादाम रेकामिए’ सुचवेन. ते अपुरं राहिलं, आणि म्हणूनच शिक्षक म्हणून फार मोलाचं आहे: पार्श्वभूमीवर पातळ रंगाचे ब्रशचे फटकारे उघडे दिसतात. पूर्ण झालेल्या चित्रांत हेच गुळगुळीत थराखाली दडलेलं असतं.

रेखांकनात डोळ्यांपासून सुरुवात करू नका. आधी डोक्याचा पूर्ण घेर आणि सावलीची मोठी आकृती पकडा. रोज एकदा नक्कल आरशात पाहा, तिरपा जबडा लगेच कळतो. मूळ चित्र ‘सुधारू’ही नका. अँग्रच्या १८४५च्या ‘काँतेस दोसोंविल’चा उजवा हात खांद्यातून निघतोय असं वाटतच नाही. शरीरशास्त्राने तो चूक आहे, पण तो ‘नीट’ काढलात तर चित्राची सगळी लय मोडते.

वाळल्यावर गडद भाग निस्तेज, पांढुरके झाले तर घाबरून वर काळा चढवू नका. खालच्या थराने तेल शोषलंय. रंग हाताला कोरडा लागत असेल तेव्हा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि जास्तीचं तेल पुसून घ्या. खरी छटा परत दिसते. अशी तेलकट फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

आणि कॅनव्हास मूळ चित्राच्या मापाचा घेऊ नका. लुव्हर संग्रहालयात बसून नक्कल करणाऱ्यांना तशी मुभाच नसते. मागच्या बाजूला ‘दाविदच्या चित्रावरून’ असं लिहा, शेजारी आपलं नाव आणि तारीख.