तंबाखूच्या लवेचा फोटो फिजी सॉफ्टवेअरमध्ये असा साफ करा

निपाणीच्या शिवारात तंबाखूचे फुटवे खुडताना बोटांना जो चीक लागतो, तो पानावरच्या लवेतून येतो. बऱ्याच केसांच्या टोकाला ग्रंथीची इवलीशी बोंडी असते. नववीच्या मुलांना मी पुस्तकातल्या परक्या झाडाऐवजी हीच दाखवतो. पण मोबाईल सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला लावून काढलेल्या फोटोच्या कडा काळवंडतात, उजेड पिवळट येतो, आणि बोंडी स्पष्ट आली की केसाचं बूड पुसट. हे तिन्ही दोष फिजी या मोफत सॉफ्टवेअरने निघतात.

फोटो काढतानाच एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. १०एक्सवर फोकसचा बारीक स्क्रू जरा जरा फिरवत बुडापासून टोकापर्यंत वीसेक फोटो घ्या. मग स्लाइड सरकवून मोकळ्या जागेचा एक फोटो. दिवा, कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग), मोबाईल कशालाच हात लावायचा नाही. हा कोरा फोटो सगळ्यात मोलाचा, आणि बहुतेक जण नेमका तोच विसरतात.

फिजीत सगळे फोटो एका स्टॅकमध्ये, म्हणजे एकाच थप्पीत, उघडून 'स्प्लिट चॅनल्स'ने लाल, हिरवा, निळा वेगळे करा. कोऱ्या फोटोचंही तेच. 'इमेज कॅल्क्युलेटर'मध्ये 'डिव्हाइड' निवडा, ३२-बिटवर खूण करा आणि लालला कोऱ्या लालने, हिरव्याला हिरव्याने, निळ्याला निळ्याने भागा. जिथे नुसता उजेड होता तिथे भागाकार १ च्या आसपास येतो, मग ती जागा मधोमध असो की कोपऱ्यात. तिन्हींची रेंज ० ते १ ठेवून ८-बिट करा आणि 'मर्ज चॅनल्स'. काळ्या कडा जातातच, पिवळेपणाही त्याच भागाकारात निघतो.

आता 'लिनियर स्टॅक अलाइनमेंट विथ सिफ्ट'ने फोटो जुळवून घ्या. पुढचं काम 'एक्स्टेंडेड डेप्थ ऑफ फील्ड' या प्लगइनचं. ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं. प्रत्येक फोटोतला स्पष्ट तेवढाच भाग उचलून ते एकच चित्र बनवतं.

कडा ठळक करणारा 'अनशार्प मास्क' मी रेडियस १, वेट ०.३ च्या पुढे नेत नाही. जास्त ताणलं की केसाच्या कडेने पांढरी रेघ उमटते, आणि पोरं जर्नलमध्ये ती पेशीभित्तिका म्हणून काढतात.

मापासाठी मायक्रोमीटर स्लाइडचा फोटो त्याच जुळणीत काढा. १ मिलिमीटरचे १०० भाग, म्हणजे एक घर १० मायक्रॉनचं. ते 'सेट स्केल'मध्ये भरा. मूळ फोटो टिफमध्ये जपा, व्हॉट्सॲपवर जेपेग पाठवा.