सरकारी खात्यांशी व्यवहार कसा ठेवायचा: गोव्यातल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी

फोंड्यात माझी छोटी प्रेस आहे, 16 वर्षं झाली. एवढ्या काळात सरकारशी दोन्ही बाजूंनी संबंध आला, एक तर परवाने, वीज, कर हे सगळ्यांनाच असतं ते, आणि दुसरं म्हणजे सरकारी खात्यांना फॉर्म, रजिस्टरं छापून देणारा सप्लायर म्हणून. हल्ली नवीन युनिट टाकणारी मुलं भेटतात, काही अडलं की पहिला प्रश्न एकच, "भाऊ, आमदारांना फोन लावू का?" लावा, गोवा लहान आहे, 40 आमदारांपैकी दोन-तीन तरी कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचे निघतातच. पण ओळखीनं जास्तीत जास्त फाईल कुठे आहे ते कळतं, सही होते ती फाईलमधल्या कागदावर. कागद कच्चा असेल तर मंत्र्यांचा फोन जाऊनसुद्धा काम अडकलेलं मी बघितलंय.

तर पहिलं काम म्हणजे, आपल्या अडचणीचा निर्णय नेमका कोण घेतं ते शोधून काढा. हे बोलायला सोपं आहे पण बहुतेकांचे सहा महिने इथेच जातात. ट्रेड लायसन्स पंचायतीचं किंवा पालिकेचं. औद्योगिक वसाहतीच्या आतला रस्ता, गटार, प्लॉटचं ट्रान्सफर हे औद्योगिक विकास महामंडळाचं, म्हणजे आपण आयडीसी म्हणतो ते, 1965 च्या कायद्यानं झालेलं. वसाहतीच्या गेटबाहेरचा रस्ता बहुतेक वेळा साबांखाचा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा. एकाच खड्ड्यासाठी दोन ऑफिसं असू शकतात, म्हणून अर्ज करण्याआधी खड्डा कोणाच्या हद्दीत आहे ते विचारून घ्या. विजेचं तर बघाच. गोव्यात वीज सरकारी खातंच देतं, पण दर खातं ठरवत नाही, ते ठरवतो गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी असलेला संयुक्त वीज नियामक आयोग, आणि दर ठरवण्याआधी आयोग हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. सुनावणीला खुर्च्या रिकाम्या आणि दर वाढले की सगळे मंत्र्यांकडे मोर्चा घेऊन, असं दरवेळी होतं, आणि मला ह्याचं खरंच वाईट वाटतं कारण आपलं बोलणं कागदावर घेणं त्यांना भाग असतं अशी ती एक जागा आहे. पेपरात सुनावणीची जाहिरात येते, ती कापून ठेवा, आपल्या बिलांची मागच्या दोन वर्षांची बेरीज करा आणि लेखी हरकत घाला. एका पानाची चालते.

जीएसटीचा रेट वाढला म्हणून पणजीतल्या ऑफिसरशी भांडणारे पण आहेत. रेट जीएसटी कौन्सिल ठरवते, त्यात गोव्याचं एक मत आहे, ऑफिसर बिचारा फक्त वसूल करतो. आणि कौन्सिल ऐकत नाही असंही नाही. 2019 च्या 20 सप्टेंबरला कौन्सिलची 37 वी मीटिंग आपल्या गोव्यातच झाली, तिच्यात 7,500 रुपयांवरच्या हॉटेल रूमचा टॅक्स 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि 2,500 ते 7,500 रुपयांच्या रूमचा 18 वरून 12 वर. हॉटेलवाल्यांची ही मागणी जुनी होती आणि ती नुसती "आम्हाला परवडत नाही" अशी नव्हती, शेजारच्या देशांत टॅक्स किती, आपल्याकडे किती, टुरिस्ट तिकडे का वळतो, असा हिशेब मांडलेला होता. मागणी अशी मांडायची असते.

आता निवेदन कसं लिहायचं ते सांगतो. एक निवेदन, एक विषय. लोक एकाच पत्रात रस्ता, पाणी, वीज, कुत्रे, सगळं घालतात, मग ते पत्र चार टेबलांवर फिरतं आणि कोणीच उत्तर देत नाही. सुरुवातीला दोन ओळींत काय हवंय ते, मग कोणत्या नियमात किंवा परिपत्रकात ते बसतं, मग आकडे, म्हणजे किती युनिटं, किती कामगार, त्यातले गोंयकार किती, महिन्याला नुकसान किती. कामगारांचा आकडा विसरू नका, राजकारणी माणूस तोच आकडा आधी वाचतो. शेवटी आपण सुचवलेला उपाय, आणि तो त्यांच्या अधिकारात बसणारा पाहिजे. भाषेचं म्हणाल तर मराठीत अर्ज द्यायला कोणी संकोच करू नये, 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही सरकारी कामकाजात वापर करण्याची तरतूद आहे. मी मात्र विषय वित्त खात्यापर्यंत जाणार असेल तर सोबत इंग्लिशमध्ये एक पान जोडतो, कारण फाईलवरचं नोटिंग तिथे इंग्लिशमध्येच होतं आणि आपणच सारांश दिला तर क्लार्क तोच उतरवून घेतो, अर्थाचा अनर्थ होत नाही.

आणि पोच. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का, तारीख, आवक नंबर. माझी स्वतःची चूक सांगतो, एका खात्यात साहेबांनी स्वतः हातात पत्र घेतलं, चहा पाजला, "करतो हां" म्हणाले, मी खूष होऊन घरी आलो, दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली आणि ते पत्र कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून सगळं. तेव्हापासून कितीही मोठ्या माणसाच्या हातात दिलं तरी एक प्रत आवक विभागात टाकूनच बाहेर पडतो.

फॉलोअप पंधरवड्यातून एकदा, रोज नको. चतुर्थीच्या आठवड्यात आणि मार्चच्या शेवटी जाऊच नये, कोणी जाग्यावर नसतं किंवा असलं तर डोकं वर काढायला वेळ नसतो. विचारायचं काय, तर "काम झालं का" नव्हे, "फाईल कोणाच्या टेबलावर आहे आणि कशासाठी थांबलीय". नव्वद टक्के वेळा एखादा कागद कमी असतो आणि तो आपल्याला कोणी सांगितलेला नसतो. क्लार्कशी नीट बोला, त्याला नावानं ओळखा, पर्वरीच्या सचिवालयात पोचलेली फाईलसुद्धा शेवटी क्लार्कच वर पाठवतो. तरीही हलत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, फाईलवरच्या नोटिंगची प्रत आणि फाईल कोणाकडे किती दिवस होती एवढंच मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. परवान्यासारख्या सेवांसाठी 2013 चा वेळेत सेवा देण्याचा कायदाही गोव्यात आहे, कुठल्या सेवेला किती दिवस ते अधिसूचनेत दिलेलं असतं, अर्जाच्या खाली तो दिवसांचा आकडा लिहून टाकायचा, नुसतं लिहिल्यानंसुद्धा फरक पडतो. आमदारांचा खरा उपयोग कुठे होतो माहीत आहे? फोनला नव्हे, विधानसभेच्या प्रश्नाला. अधिवेशनाच्या बरंच आधी त्यांना नेमका, दोन ओळींचा प्रश्न लिहून द्या. प्रश्न लागला की खात्याला आकड्यासकट लेखी उत्तर तयार करावं लागतं आणि त्यासाठी तुमची फाईल कपाटातून बाहेर येतेच.

एकट्यानं हे सगळं करत बसू नका. आपल्याकडे व्यापाऱ्या-उद्योजकांचं गोवा चेंबर 1908 पासून आहे, पोर्तुगीज काळातलं, त्याशिवाय गोवा स्टेट इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, टुरिझमवाल्यांची टीटीएजी आहे, बहुतेक वसाहतींची आणि बाजारांची स्वतःची संघटना आहे. वर्गणी काही फार नसते. फायदा असा की बजेटच्या आधी सरकार सूचना मागवतं तेव्हा त्या बहुतेक संघटनांमार्फतच पोचतात, त्यामुळे डिसेंबरच्या मीटिंगला आपला मुद्दा यादीत घुसवला पाहिजे, फेब्रुवारीत ओरडून काही होत नाही. दुसरं म्हणजे भीती वाटते ना, की मी तक्रार केली तर उद्या माझ्याच युनिटवर इन्स्पेक्शन, तर संघटनेच्या लेटरहेडवर तुमचं नाव नसतं. पण मोठ्या संघटनेत मोठ्यांचे विषय पुढे जातात हेही खरं आहे, म्हणून आपल्यासारख्या दहा-बारा लहान लोकांनी एकत्र जाऊन बसायचं आणि बोलायचं.

आता पैशाचं, ज्यासाठी मुळात हे लिहायला बसलो. एका खात्याला मी माल दिला, 1 लाख 80 हजारांचं बिल, आणि 14 महिने पैसे नाहीत. कागदाच्या व्यापाऱ्याला मी रोख देऊन बसलेला, कामगारांचे पगार चालू, बँकेचं व्याज चालू. तेव्हा एका सीएनं मला 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा उघडून दाखवला. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यमवर, म्हणजे केंद्र सरकारच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदलेले असाल तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, घेणारा सरकारी असो वा खाजगी, करारात 90 दिवस लिहिलेलं असलं तरी. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असंच धरलं जातं, म्हणून डिलिव्हरी चलनावर सही, तारीख आणि शिक्का घ्यायचाच घ्यायचा. नोंदणी मात्र ऑर्डरच्या आधीची असू द्या, नंतर केलेल्या नोंदणीवरून कोर्टापर्यंत वाद गेलेत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना उद्यम मिळतं पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं, ह्या 45 दिवसांचा फायदा त्यांना नाही, हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं.

मी केस नाही घातली. आधी एक साधं, आदबशीर पत्र दिलं, बिल नंबर, चलनाची तारीख, 45 वा दिवस कोणता होता ती तारीख, आजपर्यंतचं व्याज किती होतं तो आकडा, आणि उद्यमची प्रत. धमकी एका शब्दाची नाही. पाच आठवड्यांत मुद्दल आलं. व्याज मी सोडलं, तुम्ही सोडावं असं मी म्हणणार नाही, तो हक्काचा पैसा आहे. पत्रानं काम झालं नसतं तर केंद्राच्या एमएसएमई खात्याच्या तक्रार पोर्टलवर (तेव्हा ते समाधान) अर्ज करणार होतो, तो राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो, आधी समेट घडवायचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. निकाल विरोधात गेला आणि खात्याला कोर्टात जायचं असेल तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते, ह्या एका कलमामुळे समोरचे लोक पत्र मनावर घेतात.

बिल अडकायचं आणखी एक कारण म्हणजे आपल्याला त्याचा प्रवास माहीत नसतो. खात्यानं पास केलं म्हणजे पैसे आले असं नाही, ते बिल पुढे लेखा संचालनालयात जातं, पणजीत फाझेंडा बिल्डिंगमध्ये, आणि तिथे एखादी तारीख जुळली नाही, ऑर्डरवर मंजुरीचा नंबर नाही, असलं काही निघालं की शेरा मारून परत. परत आलेलं बिल खात्यात महिनोन् महिने पडून राहतं कारण ते परत आलंय हे कोणी तुम्हाला कळवत नाही. म्हणून बिल दिल्यावर महिन्याभरात "अकाउंट्सला गेलं का, परत आलं का" हे दोन्ही विचारा. आणि तोंडी ऑर्डरवर माल कधीच देऊ नका, कितीही ओळखीचा साहेब असो, "उद्या कार्यक्रम आहे, आज छापून दे, ऑर्डर मागून काढतो" म्हणाला तरी नाही. वर्षअखेरीला निधी संपतो, त्यामुळे बिल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आत गेलेलं असावं.

कोणी पैसे मागितले तर? हा विषय सगळे टाळतात, मी टाळत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, पण जबरदस्तीनं द्यावी लागली आणि 7 दिवसांच्या आत तुम्ही पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर देणाऱ्याला संरक्षण आहे. द्यायच्या आधीच दक्षता विभागाकडे गेलात तर सर्वात बरं. लहान माणसाला हे जड जातं हे मला माहीत आहे, मलाही गेलं असतं, पण एकदा दिलं की तुमचा रेट ठरतो आणि तो शेजारच्या युनिटलाही लागू होतो.

शेवटचं, आणि हे गोव्यात विशेष महत्त्वाचं. सरकारची परवानगी मिळाली म्हणजे सगळं मिळालं असं नाही. आमच्या फोंडा तालुक्यात केरीला भूतखांबच्या पठारावर नायलॉनचा मोठा कारखाना येणार होता, जमीन मिळाली, सरकार पाठीशी, आणि 1995 मध्ये लोकांच्या आंदोलनानं तो गोव्यातून गेला, त्या आंदोलनात एक तरुण पोलिसांच्या गोळीनं मेला सुद्धा. नंतर एसईझेडचं, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचं, तेच, विरोध एवढा वाढला की 2007 च्या डिसेंबरअखेरीला सरकारला ते गुंडाळावे लागले. तुमचं युनिट दहा कामगारांचं असेल तरी गावाला त्याचं पाणी कुठे जातं, आवाज किती, ट्रक किती वाजता येणार, हे कळलंच पाहिजे, आणि ते तुमच्याकडून कळलं पाहिजे. ग्रामसभा बहुतेक रविवारी असते. आपला विषय नसेल तेव्हाही जाऊन बसा, मागच्या खुर्चीवर, लोकांना काय डाचतंय ते ऐका, आणि एनओसीचा अर्ज त्यानंतर करा.