थंडी सोसायला गहू किती शिकला? टीडीएस मीटरने मोजा

गव्हाच्या रोपाला आधी सौम्य थंडी दिली, तर पुढच्या गोठवणाऱ्या थंडीत त्याची पेशीपटले (पेशींभोवतीचे पातळ पडदे) कमी फाटतात. हे काम सुरू करतात ती सीबीएफ जनुके. गव्हात त्यांचा मोठा झुबका ५ए गुणसूत्रावर आहे. पटल फाटले की आतले क्षार पाण्यात उतरतात आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचा आकडा वाढतो.

एकाच वाणाची रोपे घ्या. दुसरे पान पूर्ण उघडले की कुंडी फ्रिजमध्ये ४-५ अंशांवर ७ ते १० दिवस ठेवा. आत छोटा एलईडी दिवा रोज ८-१० तास हवाच. अंधारात साखर तयार होत नाही आणि रोप काटक होत नाही. तुलनेची रोपे आठवडाभर उशिरा पेरून बाहेर वाढवा. दिवस जुळवू नका, पान जुळवा.

दुसऱ्या पानाचे १ सेंमीचे १० तुकडे डिस्टिल्ड पाण्यात दोनदा धुवा, कारण कापलेल्या कडांतूनही क्षार गळतात. ते अर्धा मिली डिस्टिल्ड पाण्यासह नळीत घाला. बर्फ-मिठाच्या भांड्यात आधी उणे २ अंश साधा आणि नळीत बर्फाचा कण टाका. ही पायरी गाळली, तर पाणी न गोठताच थंड होत राहते, मग एकदम गोठते आणि प्रत्येक नळीचा आकडा वेगळा येतो. नंतर दर अर्ध्या तासाला चिमूटभर मीठ वाढवत उणे ६ पर्यंत जा, तिथे तासभर थांबा. रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या.

आता २० मिलीपर्यंत डिस्टिल्ड पाणी भरा, तासभर अधूनमधून हलवा, मोजा. नळी सैल झाकून २० मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा, गार करा, घटलेले पाणी भरून पुन्हा मोजा. पहिला आकडा भागिले दुसरा, गुणिले १०० म्हणजे गळतीची टक्केवारी. प्रत्येक गटाच्या किमान तीन नळ्या हव्यात, शिवाय न गोठवलेली एक.

फ्रिजमधली रोपे बुटकी राहतात. तो रोग नव्हे. सीबीएफमुळे जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक घटते आणि वाढ रोखणारी डेला प्रथिने साठतात. नोरिन १० या जपानी गव्हातून आलेली बुटकेपणाची जनुकेही याच प्रथिनांची. आपले वाण वसंती, म्हणजे फुलण्यासाठी लांब थंडी न लागणाऱ्या प्रकारातले. त्यांत फुलोऱ्याकडे नेणारे व्हीआरएन१ जनुक लवकर जागे होऊन सीबीएफला आवरते, त्यामुळे युरोपातल्या हिवाळी गव्हाइतका फरक दिसणार नाही. पोटरीतली (ओंबी पानाच्या आवरणात भरलेली) रोपे तर घेऊच नका.