गॅरामाँड वापरताना या चुका टाळा

टाइम्स न्यू रोमन या फॉन्टमधला इंग्रजी मजकूर निवडायचा, फॉन्ट गॅरामाँड करायचा आणि आकार तोच ठेवायचा, ही सर्वांत जास्त होणारी चूक. गॅरामाँडमध्ये ए, ओ, एक्स यांसारख्या लहान अक्षरांचं अंग बुटकं असतं आणि बी, डी, एचचे दांडे त्या मानाने उंच. म्हणून 11 पॉइंटमध्ये टाइम्स नीट वाचता येतो, पण गॅरामाँड बारीक लागतो. 12 ते 12.5 पॉइंट घ्या, एका ओळीपासून दुसरीपर्यंत साधारण 15 पॉइंट ठेवा. ओळींमधली अंतरं दुप्पट करू नका. बुटक्या अंगामुळे ओळींत आधीच पुरेशी पांढरी जागा असते.

गॅरामाँड हे खरं तर एका फॉन्टचं नव्हे, फॉन्टांच्या घराण्याचं नाव आहे. क्लोद गॅरामाँड 16व्या शतकात पॅरिसमध्ये टाइपाचे पंच, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, कोरत असे. 1561 साली तो गेला. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येणारा मोनोटाइप कंपनीचा गॅरामाँड मात्र 17व्या शतकातल्या जाँ जॅनों या मुद्रकाच्या टाइपांवर बेतलेला आहे; ते टाइप गॅरामाँडचेच समजले जात. ही गल्लत टाइपाच्या अभ्यासक बिआट्रिस वॉर्ड यांनी 1926 साली उघड केली. आयटीसी या फॉन्ट कंपनीच्या गॅरामाँडमध्ये लहान अक्षरं बरीच मोठी आहेत, त्यामुळे तो जाहिरातीत शोभतो, पुस्तकात गर्दी करतो. फाइल दुसऱ्याकडे पाठवताना फॉन्टचं पूर्ण नाव कळवा आणि पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच घाला, नाहीतर पानं सरकतात.

ऑफिसच्या गॅरामाँडमध्ये बोल्ड इटॅलिक नाही. दोन्ही बटणं दाबली की वर्ड इटॅलिक कृत्रिमपणे जाड किंवा बोल्ड कृत्रिमपणे तिरका करतो. ते बेढब दिसतं. बोल्ड इटॅलिक लागणारच असेल तर मोफत मिळणारा ईबी गॅरामाँड घ्या.

पान फिकट का दिसतं? जुन्या छपाईत धातूचा टाइप ओलसर कागदात रुतायचा, शाई कडांबाहेर थोडी पसरायची आणि अक्षर भरायचं. गुळगुळीत आर्ट पेपरवर ऑफसेटने छापताना हे होत नाही, बारीक रेघा तशाच उरतात. मजकुरासाठी बिनचकाकीचा, किंचित पिवळसर कागद घ्या. काळ्यावर पांढरी अक्षरं 9 पॉइंटमध्ये तर छापूच नका. बाजूची शाई रेघा गिळते.

एफला लागून आय आला की एफचा वरचा वाकलेला भाग आयच्या टिंबावर आदळतो. वर्डमध्ये कंट्रोल आणि डी दाबून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये लिगेचर्स (अशी अक्षरं जोडून केलेले आकार) ‘स्टँडर्ड ओन्ली’ करा. नंबर फॉर्म्स, म्हणजे अंकांचे प्रकारही तिथेच आहेत: परिच्छेदात ओल्ड-स्टाइल (लहान अक्षरांसारखे कमीजास्त उंचीचे), तक्त्यात लायनिंग (सारख्या उंचीचे). स्मॉल कॅप्ससाठी, म्हणजे लहान अक्षरांच्या उंचीच्या कॅपिटल्ससाठी, मोठी अक्षरं आकाराने लहान करू नका, त्यांच्या रेघा शेजारच्या मजकुरापेक्षा पातळ पडतात.

मराठी परिच्छेदात इंग्रजी शब्द असतील तर गॅरामाँडचा आकार देवनागरीपेक्षा अर्ध्या पॉइंटने वाढवत जा आणि छापून पाहा. पडद्यावर 200 टक्के मोठं करून घेतलेला अंदाज इथे फसतो.