साईड देताय? मग या चुका टाळा: सातारा-सांगलीच्या ट्रक ड्रायव्हरांसाठी

ट्रकवाले रस्ता अडवतात, दमदाटी करतात, अशी तक्रार कारवाल्यांकडून कायम ऐकू येते. मी हुंडेकरी, म्हणजे ट्रकना माल मिळवून देणारा, आहे. मिरज, कुपवाड, कराड, जत इथल्या ड्रायव्हरांशी रोजचा संबंध येतो, आणि मला दिसणारं चित्र वेगळं आहे. वाटेत बंद पडलेल्या अनोळखी गाडीला जॅक देणारा आणि रात्री दोन वाजता दुसऱ्याची ताडपत्री आवळून देणारा माणूसही हाच असतो. दानत कमी नाही, पण ती दाखवायची पद्धत कित्येकदा घात करते. रस्त्यावरच्या सौजन्याचा मी एकच अर्थ धरतो. आपली गाडी पुढच्या दहा सेकंदांत काय करणार आहे, हे आजूबाजूच्या सगळ्यांना आधी कळलं पाहिजे. खालच्या बहुतेक चुका नेमक्या तिथेच होतात.

इंडिकेटर देऊन 'जा' म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती भल्या मनानं होते. कराड-विटा रस्त्यावर भरलेली गाडी चाललीय. मागे मोटरसायकल, तिच्यावर नवरा-बायको आणि मध्ये पोरगं. ड्रायव्हरला पुढचा रस्ता मोकळा दिसतो, तो उजवा इंडिकेटर मारतो, म्हणजे 'जा बाबा पुढं'. मोटरसायकल बाहेर निघते, आणि त्याच वेळी उजवीकडच्या पाणंदीतून ट्रॅक्टर रस्त्यावर येतो. केबिनमधून पाणंद दिसत नव्हती. मोटरसायकलवाल्यानं मात्र स्वतः बघायचं सोडून तुमच्या दिव्यावर भरवसा ठेवलेला असतो.

दुसरा घोळ तर याहून वाईट. काही ड्रायव्हर डाव्या इंडिकेटरनं 'जा' आणि उजव्यानं 'थांब, समोरून गाडी आहे' असं सांगतात. काहींचं बरोबर उलट. कर्नाटकातून आलेल्या गाडीचा संकेत एक, आपला दुसरा. आता तुम्हाला खरोखरच उजवीकडे वजनकाट्याला किंवा पंपावर वळायचंय. तुम्ही नियमाप्रमाणे उजवा इंडिकेटर देता, मागचा त्याला परवानगी समजून वेग वाढवतो, आणि तुम्ही वळत असताना थेट तुमच्या डिझेल टाकीवर येतो. इंडिकेटर दिला होता, असं तुम्ही म्हणता. इंडिकेटर दिला म्हणून तर निघालो, असं तो म्हणतो.

म्हणून इंडिकेटर फक्त स्वतःच्या वळण्यासाठी आणि लेन बदलण्यासाठी वापरा. उजवीकडे वळायचं असेल तर शंभर मीटर आधीच द्या, ब्रेकला दोन-तीनदा हलका पाय लावून मागचे दिवे दाखवा, वेग हळूहळू उतरवा. वळायच्या आधी उजवा आरसा दोनदा बघा. पहिल्या नजरेत न दिसलेली मोटरसायकल दुसऱ्या नजरेत दिसते.

साईड द्यायची असेल तर गाडी डावीकडे घ्या, एक्सलेटर थोडा सैल करा आणि वेग एकसारखा ठेवा. पुढे जायचं की नाही, ते मागच्याला ठरवू द्या. एकदा तो बाजूला आला की तुम्ही वेग वाढवायचा नाही. नियमही तेच सांगतो आणि माणुसकीही. एक काळजी मात्र घ्या. तासगाव, मिरज, वाळवा भागात रस्त्याकडेला काळी माती आहे. पावसाळ्यात भरलेल्या गाडीची डावी चाकं साईडपट्टीवर घातली तर गाडी रुतते, नाहीतर कलते. साईड डांबरावरूनच द्या. जागा नसेल तर पुढच्या रुंद ठिकाणापर्यंत मागच्याला थांबू द्या, त्यात अपमान कुणाचाच नाही.

डिपरचा एक झटका, दोन अर्थ

अरुंद पुलावर दोन्हीकडून गाड्या आल्या की डिपर मारला जातो, म्हणजे हेडलाईटचा झोत क्षणभर वर-खाली केला जातो. आपल्याकडे बहुतेकांच्या लेखी त्याचा अर्थ 'मी येतोय, तू थांब'. पण नवखा माणूस त्याचा अर्थ 'ये' असा घेतो, आणि पुलाच्या मधोमध दोघं समोरासमोर येतात. तुम्हाला थांबायचं असेल तर पुलाच्या अलीकडे पूर्ण थांबा आणि दिवे खाली करा. थांबलेली गाडी सगळ्यांना कळते.

समोरचा अप्पर, म्हणजे हेडलाईटचा वरचा झोत, खाली करत नसेल तर आपणही अप्पर मारून काही साधत नाही, मग आंधळे दोघं होतात. वेग कमी करा आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा.

घाटात शर्यत आणि उतारावर न्यूट्रल

खंबाटकी चढताना एक भरलेला ट्रक दुसऱ्याला ओलांडायला जातो. दोघांच्या वेगात फरक असतो माणसाच्या चालीइतकाच. मग दोन्ही लेन कोंबल्या जातात आणि मागे एसटी, ॲम्ब्युलन्स, भाजीच्या गाड्या अडकून पडतात. ओलांडणं वीस-पंचवीस सेकंदांत उरकणार नसेल तर घाटात ते सुरूच करू नका. चारपदरीवर उजवी लेन रिकामी दिसते म्हणून तीच धरून चालणं हीसुद्धा याच जातीची चूक आहे. डावीकडून ओलांडायची सवय लोकांना त्यामुळेच लागली.

कुंभार्ली किंवा पसरणीसारख्या घाटात दोन गाड्या मावत नसतील तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, असा नियम आहे. कारण साधं आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना मागे घसरते आणि क्लच जळतो. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक दाबून उभं राहायचं असतं.

उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणं हा प्रकार अजून संपलेला नाही. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून पुण्याकडे निघालं की उतार आहे आणि त्यातच ते एस वळण, त्याची अपघातांची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनर तापले की पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. इंजिनच बंद केलं तर काँप्रेसर थांबतो, ब्रेकची हवा भरत नाही, आणि पॉवर स्टेअरिंगही जड होतं. ज्या गिअरला घाट चढता त्याच गिअरला उतरा, एक्झॉस्ट ब्रेक वापरा, आणि ब्रेक सतत घासत ठेवू नका. वाचलेल्या डिझेलमधून लायनरच्या एका जोडीचा खर्चही वसूल होत नाही.

तरी हवा कमी झालीच, किंवा जळका वास आला, तर लाजू नका. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू करून लोकांना सावध करा, गिअर एकेक करून खाली आणा आणि दरीऐवजी डोंगराची बाजू धरा.

गाडी दुरुस्त झाली, दगड तिथेच

गाडी चढावर बंद पडते. क्लीनर उडी मारून मागच्या चाकाला दगड लावतो, आणि ते बरोबरच आहे. मागे फांद्या टाकतात, चार-सहा दगडांची रांग मांडतात. तासाभरात मिस्त्री येतो, गाडी चालू होते, आणि सगळे घाईनं निघून जातात. दगड लेनमध्येच राहतात. रात्री तिथून जाणाऱ्या मोटरसायकलचं पुढचं चाक त्यावर चढतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या क्लीनरला मी हे बजावतो: "बाळा, गाडी हलली की आधी दगड उचलायचा, मग केबिनमध्ये चढायचं." दोन लाकडी ठोकळे दोरी बांधून गाडीतच ठेवले तर दगड शोधायलाही नको आणि विसरायलाही नको.

फांद्यांपेक्षा चमकणारा त्रिकोण चांगला, पण तो गाडीला टेकून ठेवला तर उपयोग शून्य. ताशी 80 किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर कापते. माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे तेहतीस मीटर ब्रेक लागायच्या आधीच संपलेले असतात. त्रिकोण मागे शंभर पावलांवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामात जागोजागी वळवलेला रस्ता आहे, कडेला थांबायला जागा नाही. तिथे बंद पडलात तर 1033 या महामार्गाच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा.

उसाच्या हंगामात

दिवाळी झाली की दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. त्यांच्या मागे हॉर्न दाबून उभं राहू नका. बैल बुजतात, आणि ट्रॅक्टरवाल्याला इंजिनच्या आवाजात तुमचा हॉर्न ऐकूही जात नाही. मधलं अंतर जास्त ठेवा, कारण मोळी सुटून रस्त्यावर पडते. तुम्ही स्वतः ऊस भरत असाल तर मागच्या फळीचे दिवे आणि रिफ्लेक्टर उसाखाली झाकले गेलेत का ते निघताना उतरून बघा, आणि बाहेर आलेली टोकं छाटा. माल गाडीच्या बाहेर आला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मला भीती वाटते ती रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याची.

झोप मारून पोच देणं

इथे माझं बोलणं मालकांशी आणि आम्हा हुंडेकऱ्यांशी आहे. "सकाळी आठला माल पोचला पाहिजे" असं सांगून रात्री दहाला गाडी भरायची, आणि मग ड्रायव्हरनं सौजन्यानं चालवावं अशी अपेक्षा ठेवायची, हे जमत नाही. 2025 मध्ये रद्द झालेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातही दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितलेली होती. झोप कमी पडलेला माणूस आधी चिडका होतो, मग बेफिकीर. ड्रायव्हर वाटेत झोपायला थांबला तर त्याला दहा फोन करू नका. ड्रायव्हरनंही थांबायचं असेल तर ढाब्यासमोर अर्धी गाडी रस्त्यावर ठेवून दिवे बंद करू नयेत. पूर्ण आत घ्या, जागा नसेल तर पुढचा ढाबा बघा.

ॲम्ब्युलन्स आणि अपघात

ॲम्ब्युलन्स मागे आली की गोंधळून जागीच ब्रेक दाबू नका. डावा इंडिकेटर द्या, डावीकडे सरका, वेग उतरवा. वाट न दिल्यास 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अपघात झाला की ड्रायव्हर पळतो, ही तक्रार खरी आहे आणि त्यामागची भीतीही खरी आहे. जमाव मारतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नं ही भीती ओळखलेली आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं ही ड्रायव्हरची जबाबदारी, पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर तेवढी सूट त्यात आहे. पोलिसांना कळवण्यातून मात्र सुटका नाही. तिथे पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि कसंही करून 24 तासांच्या आत जायचं. म्हणून जमाव दिसला तर थेट ठाणं गाठा, आणि जाता जाता 108 ला फोन करून जागा सांगा: कोणता फाटा, कोणत्या बाजूची लेन, किती माणसं. ठाण्यात गेलात याची नोंद करून घ्या, वेळ लिहून घ्या, आणि मालकाला तिथूनच फोन करा. अपघात दुसऱ्याचा असेल आणि तुम्ही फक्त मदत केली असेल, तर कलम 134-ए नुसार नाव सांगण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. ही गोष्ट क्लीनरलाही सांगून ठेवा, कारण खाली उतरून जखमीला उचलणारा बहुतेकदा तोच असतो.